ताईला शॉक देत नाहीत

प्रिय ढब्बू,

तू आईला नेमकं काय सांगितलंस? फोनवर हमसून हमसून रडत होती, आणि मधूनमधून ‘माझ्या पोरीला शॉक देतात गं!’ अरे, शॉक नाही! किती वेळा सांगितलं तुला? खुर्चीत बसवतात, कानांत बोळे घालायला देतात आणि कपाळाच्या डाव्या बाजूला एक चुंबकाचं यंत्र टेकवतात. मी टक्क जागी असते. सुतारपक्षी डोक्यावर बसल्यासारखं ते टकटक करत राहतं, पापणी फडफडते. सुरुवातीला डोकं ठणकायचं, आता तेही नाही. संपलं की उठायचं आणि घरी यायचं. पण आईचं ऐकून मावशी दुसऱ्याच दिवशी दारात हजर! मला खालून वर न्याहाळत म्हणाली, ‘चमचे-बिमचे चिकटतात का गं आता तुला?’ चेष्टा नव्हती ती. मग तासभर एकच पालुपद, ‘मन गुंतवून ठेव.’ मन म्हणजे काय शेळी आहे, खुंट्याला बांधायला?

आणि मन गुंतलेलंच तर होतं, सुटत नव्हतं. गाडी शिकवणं ही माझी मिजास होती, तुला माहीतच आहे. शिकाऊ माणसाने भर चौकात गाडी बंद पाडली, मागून सगळे बोंबलायला लागले, तरी मी शेजारी बसून ‘सावकाश, सावकाश’ म्हणणार. गेल्या वर्षी मात्र माझ्या बाजूच्या ब्रेकवरून पायच निघेना. एक दातांच्या डॉक्टरीणबाई शिकत होत्या. मोकळा रस्ता, चिटपाखरू नाही, आणि मी कचकन ब्रेक दाबला. ‘काय झालं?’ काहीच झालं नव्हतं. मला फक्त खात्री होती की होणार. त्यांनी गाडी पुन्हा चालू केली, मी पुन्हा दाबला. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘बाई, आज मीच तुम्हाला घरी सोडते.’ त्या दिवशी जी आडवी झाले ती उठलेच नाही.

गोळ्या झाल्या, बदलून झाल्या. झोप यायची, पण उजाडलं की छातीवर तोच धोंडा. मग डॉक्टरांनी हे चुंबकाचं सुचवलं, आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. तुझे भाऊजी रोज घेऊन जायचे. घरात मांजराच्या पावलांनी वावरायचे, कुजबुजत बोलायचे, स्वयंपाकघर आवरायचे आणि प्रत्येक वस्तू भलत्याच जागी ठेवायचे. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण झालं काय, राहिलं काय.

एका संध्याकाळी दूध तापवायला ठेवलं आणि झाकण सापडेना. कपाट उघडलं, दुसरं उघडलं, आणि मी अशी काही कडाडले की समोरच्यांनी खिडकी उघडली. ‘या घरात एक झाकण जागेवर मिळेल तर शपथ! आणि कुजबुजताय काय सारखं? मेले नाही मी अजून!’ तुझे भाऊजी दारात थिजलेच. मग म्हणाले, ‘परत बोल.’ मी म्हटलं, ‘काय?’ ‘काहीही बोल. पण असंच बोल.’ डोळे भरून आले होते त्यांचे. मला राग आला होता, ढब्बू. कित्येक महिन्यांनी मला काहीतरी वाटलं होतं! दूध उतू गेलं ते गेलंच.

अजून सगळं आलबेल नाही. गोळ्या चालूच आहेत. पण कामावर जाते, आणि दिवसाकाठी कुणावर तरी डाफरते. आता पाळी तुझी. काल तुझ्या ऑफिसातल्या त्या उंच मित्राचा फोन आला. तू कामावर जात नाहीस, दार अर्धंच उघडतोस, ‘बरा आहे’ म्हणतोस आणि लावून घेतोस. मग माझ्या उपचारांबद्दल तू फोनवर केलेली ती उलटतपासणी मला उलगडली. दुखतं का, विसरायला होतं का, ऑफिसात कळवावं लागतं का? कुणासाठी विचारत होतास, गाढवा? सरळ सांगता येत नाही? तो ‘बरा आहे’ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, मीच वर्षभर वापरलाय. आता फोनही उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तुला चुंबकच लागेल असं नाही. डॉक्टर आधी ऐकून घेतात, मग ठरवतात. रविवारी मी तुला न्यायला येतेय, गाडी स्वतः चालवत. उत्तर पाठवू नकोस, सबबी शोधू नकोस, घर आवरूही नकोस. बेल वाजली की दार तेवढं पूर्ण उघड.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताई