इंग्रजांकडून लढलेला पूर्वज

१४ नोव्हेंबर, डार्मश्टाट

उद्या लेकीचं, सईचं, शाळेत रेफेराट आहे, म्हणजे वर्गासमोर विषय मांडायचाय, सत्तावनच्या उठावाच्या कारणांवर. काडतुसं, खालसा केलेली संस्थानं, शेतसारा, सगळं नीट मांडलंय तिने. जेवताना तिने आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारलं, जर्मनमध्येच, की आपले लोक कुणाकडून लढले? मी तो प्रश्न त्यांना मराठीत सांगितला.

आई म्हणाल्या, "माझ्या आजोबांचे आजोबा कंपनीच्या पलटणीत होते. इंग्रजांकडून लढले. गाव विहिरीला हात लावू देत नव्हतं, पलटणीने बंदूक दिली, लिहायला शिकवलं."

सई लगेच लिहायला लागली. मी म्हटलं, "हे नको घालूस."

"वारुम? का?"

वेळ पुरणार नाही, असं काहीतरी बोलले. खरं म्हणजे वर्गात अजून दोन भारतीय मुली आहेत.

मला लाज कसली वाटली? ते इंग्रजांकडून लढले याची, की आपण कोण ते कळेल याची? दुसऱ्या गोष्टीचीच. भांडी तशीच टाकून सईकडे गेले.

"घाल ते. सगळेच का उठले नाहीत, हेही सांगायला हवं."

"त्यांचं नाव काय?"

आई आतून म्हणाल्या, "भिकनाक."

लग्नाला सोळा वर्षं झाली. मी कधी विचारलंच नव्हतं.