गुरुवारची बॅटरी

गुरुवार, ११ सप्टेंबर

गेली लाईट! अकरा वाजून चार मिनिटांनी. आख्ख्या कोथरूडला माहीत आहे की दुरुस्तीसाठी लाईट जाते ती गुरुवारी, आणि ह्यांचा बोलण्याचा वर्गही नेमका गुरुवारीच! नम्रता मॅडम टॅबवर "पाणी म्हणा, काका. पा—" म्हणत होत्या आणि वायफाय बंद. ह्यांचे ओठ तसेच मिटलेले राहिले.

अर्धांगवायूचा झटका येऊन सात महिने झाले. समजतं सगळं, पण एक शब्द फुटत नाही. मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं — "काकू, पहिलं वर्ष फार महत्त्वाचं. असेच खाडे झाले तर ही वेळ दुसऱ्याला द्यावी लागेल." त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्याकडे रांग आहे. इतके दिवस सांभाळून घेतलं हेच खूप. मोबाईलचं नेट म्हणाल तर आमच्या तळमजल्यावर नुसता गोल फिरतो.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

इन्व्हर्टरचं माहितीपत्रक आणलं. ह्यांनी डाव्या हाताने बाजूला सारलं आणि स्वतःच्या कपाटाकडे बोट केलं. आत वायरी, मीटर, पक्कड, पाने. चौतीस वर्षं कारखान्यात मशिनं दुरुस्त केलेला माणूस विकतचं घेतोय कशाला! वायफाय चालेल एवढी बॅटरी घरीच जुळवायची.

पण उजवा हात उचलवत नाही. म्हणजे हात माझे. जिला बल्ब बदलायचा म्हटलं तरी घाम फुटतो, तिचे!

सोमवार, १५ सप्टेंबर

मैनुद्दीनभाई आले. बॅटरीचं दुकान त्यांचं. तरुणपणी ह्यांच्या हाताखाली शिकलेले. चार लिथियमचे सेल, त्यांना सांभाळणारं सर्किट, चार्जर, फ्यूज — सगळं पिशवीत घालूनच आले. म्हणाले, "वहिनी, साहेबांनी मला शिकवलं, आता तुम्हांला शिकवतील. मी नुसता बसतो."

बसले कसले! प्रत्येक जोड स्वतः मीटर लावून तपासला. मी तांबडी वायर भलतीकडे नेली की हे टेबलावर बोट आपटायचे. एकदा तर हातावर चापट! देव त्या मैनुद्दीनभाईंचं भलं करो. निघताना बाहेर जाऊन डोळे पुसले त्यांनी, मी पाहिलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

बॅटरीवर लॅम्पही चालावा म्हणून त्याच्या वायरीला सोल्डरिंगचा डाग देताना बोट भाजलं. मी किंचाळले आणि हे हसले!! झटक्यानंतर पहिल्यांदा. आणखी दोन बोटं भाजून घ्यायला तयार आहे मी.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दहा पन्नासला लाईट गेली — आणि वायफाय चालू! टेबललॅम्पही चालू, त्यामुळे मॅडमना ह्यांचे ओठ नीट दिसले. पाऊण तास एकदाही खंड नाही. लगेच मैनुद्दीनभाईंना फोन करून सांगितलं.

ह्यांचा शब्द मात्र आला नाही. 'प'साठी ओठ जुळतात, पुढे नुसती हवा.

गुरुवार, २५ सप्टेंबर

लाईट गेली. वर्ग झाला. शब्द नाही. कुरकुर करत नाहीये हं मी, देवा. वेळ टिकली आहे, माणूस समोर आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

मॅडमना सुट्टी. दरवर्षी ह्यांच्या हत्यारांची पूजा असते, यंदा बॅटरीचीही मांडली. नुसत्या प्लास्टिकच्या डब्याला काय हळदकुंकू वाहायचं, म्हणून झाकण काढलं. झेंडू वाहिला. आणि चांदीचं निरांजन थेट सेलच्या उघड्या टोकांवर टेकवायला गेले! धातू! ठिणग्या उडून तिथेच पेट घेतला असता सगळ्याने.

"मूर्ख!"

खुर्चीतून आवाज. मी निरांजन हातात धरून तशीच उभी.

"काय म्हणालात?"

"मूर्ख!" मोठ्याने. स्वच्छ.

एरवी ह्या शब्दावर मी दोन दिवस अबोला धरला असता. आज खाली बसले, ह्यांच्या पायांवर डोकं ठेवून पोटभर रडले, आणि म्हटलं, "अहो, पुन्हा म्हणा ना."