समास जेवत नाही

४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद, आणि विशेष (या खेपेस खरोखरच विशेष) असे की,

समास तुझ्या घरी पोचला असेल. माझ्या नव्या शाळेच्या वसतिगृहात कुत्र्यांना मज्जाव, म्हणून जड हाताने त्याची साखळी तुझ्या यजमानांकडे दिली. तुझी लेक चिमी त्याच्या नावाचा अर्थ विचारील. आई राखणीची, बाप शिकारी, आजोबांबद्दल कोणी खात्रीने बोलत नाही. अशा पदांचा मिळून समास होतो. विग्रह करू नये.

आईकडून दाट केस आले आहेत. रोज विंचरावेत, नाहीतर ते गिऱ्हाइकांच्या घड्याळांत निघतील आणि तुझे घड्याळजी माझा उद्धार करतील. बापाकडून पळायची खोड आली आहे. दोन्ही वेळा दमेपर्यंत फिरवावे, नपेक्षा तो तुझ्या शिवणावर व्यायाम करील. लोंबता कान आतून कोरडा ठेवावा. उभा कान स्वतःचे बघतो. फार वेळ एकटे सोडू नये. शिस्त मी लावलेलीच आहे.

लोभ आहेच, त्यातला थोडा त्याच्याकडे वळवावा.
दादा

९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शिस्त कसली डोंबलाची! ‘बस’ म्हटलं की तोंडाकडे बघतो, ‘ये’ म्हटलं तरी तेच. मात्र मी ह्यांना ‘अहो’ म्हणून हाक मारली की हा धावत हजर. हे म्हणतात, इतक्या वर्षांत मी असा कधी धावलो नाही, आता नाव कशाला बुडवू?

थट्टा पुरे. समास जेवत नाही. चिमी ताटली ठेवते आणि लाडाने सांगते, मामाने सांगितलंय, खा. तो लाळ गाळत मागे सरकतो. मी म्हणते, मामाचा शहाणा ना, खा. तो आणखी मागे. खाली पडलेलं बिस्किट तेवढं पळवतो. डॉक्टरांनी दात, पोट, ताप सगळं पाहिलं. आजार नाही म्हणाले, पण असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल. बरगड्या हाताला लागायला लागल्यात. हे म्हणतात, त्याने दादाचा ध्यास घेतलाय, रविवारी परत सोडून येऊ.

मी हटून बसले आहे. माझ्या दारात आलेला जीव उपाशी परत जाणार नाही. तू काय म्हणून त्याला जेवू घालायचास ते शब्दन्‌शब्द कळव. उलट टपाली.

तुझी, रागावलेली,
धाकटी

११ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद, घाईत.

तुझे पत्र वाचून आधी हसलो, मग बरगड्यांपाशी हसू आटले. अगं, दिवसभर वर्गात जे बोलतो तेच घरी तोंडात येई. त्याचे सारे शिक्षण संस्कृतात झाले आहे, आणि बेट्याला मराठी येत नाही हे माझ्या ध्यानातच आले नाही. ‘एहि’ म्हणजे ये; तुझे ‘अहो’ त्याला तसे ऐकू येत असणार. ‘उपविश’ म्हणजे बस. आणि ‘मा’ म्हणजे नको, खबरदार! तुम्ही मायलेकी ताटली पुढे ठेवून ‘मा-मा’ करता, म्हणजे त्याला दोनदा बजावता. परवानगीचा शब्द ‘खाद’. तुमच्या ‘खा’ला ‘द’ नाही, आणि तो व्याकरणाचा पक्का.

मला ताटलीपासून लांब ठेवा. रिकाम्या पोटी थोडेथोडेच द्या. एवढ्याने भागले नाही तर रविवारी मीच येतो. शाळेमागे अंगणाची एक खोली आहे, तिथे कुत्रा चालतो. वसतिगृह सोडीन आणि त्याला घेऊन जाईन. खरे तर खोली पाहूनही ठेवली आहे.

मायेत कमी करू नये, मूर्ख म्हणावे.
दादा

१३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.; मूर्खा, वि. वि.

चिमीने ताटली ठेवली, ‘मामा’ निसटू नये म्हणून तोंडावर हात दाबला आणि मग एकदाचं ‘खाद’ म्हणाली. समासाने आम्हा तिघांकडे पाहिलं, आणि मग ताटली चाटत चाटत, ढकलत पार मोरीपर्यंत नेली. हे डोळ्याचं भिंग न काढताच दुकानातून बघायला आले होते. आपण रडलो नाही असं लिही म्हणाले, म्हणून लिहिते. परत सोडायचं नाव आता काढत नाहीत; विंचरायचं काम त्यांनीच घेतलंय, घड्याळांच्या काळजीने म्हणे.

आता त्याला मराठी शिकवणार. चिमी तुला मामा म्हणायचं सोडणार नाही, तेव्हा त्या शब्दाचा नवा अर्थ त्यालाच पाठ करावा लागेल.

रविवारी जरूर ये. त्याला फिरव, तुमची ती देवभाषा दोघं मनसोक्त बोला, आणि संध्याकाळी एकटाच परत जा. अंगणाची खोली दुसऱ्या कोणाला मिळू दे.

लोभ असू दे. समास आमच्याकडेच असू दे.
धाकटी