पाण्याची शिट्टी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (ह्या खेपेला साष्टांग हा शब्द नुसती रीत म्हणून लिहिलेला नाही. खरोखर आडवा पडून लिहितो आहे, का ते ओघात येईलच. अक्षर तिरकं दिसलं तर शाळेतल्या पोरांना दाखवून माझा नमुना करू नकोस.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला? तुमच्याकडे ऊन कसं आहे हे मुद्दाम विचारत नाही, कारण तू लगेच "तुमच्यापेक्षा जास्त" म्हणशील. लहानपणापासून तुझं सगळं माझ्यापेक्षा जास्तच असतं, ताप आला तरी.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, पण यंदा आमची खुशाली सकाळच्या चहापर्यंतच टिकते. त्यानंतर ऊन. रोज चहा संपतो न संपतो तोच फोन टुणकन वाजतो आणि उष्णतेचा इशारा येतो. आधी पिवळा यायचा, मग नारिंगी झाला, आता लाल. दुपारी बाहेर पडू नका, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष ठेवा. हे शेवटचं वाक्य ज्या कोणा साहेबांनी लिहिलंय त्यांना मी एकदा घरी बोलावणार आहे. त्यांनी आपल्या अण्णांकडे नुसती एक दुपार लक्ष ठेवून दाखवावं.

अण्णांचं तुला काय सांगायचं! सगळी नोकरी बॉयलरपुढे गेली, त्यामुळे सूर्य त्यांच्या खिजगणतीतच नाही. लाल इशारा वाचून दाखवला तर म्हणाले, लाल म्हणजे कितपत लाल? आणि अंगातली लोकरी बंडी नीट खाली ओढून (ऊन आत शिरू नये म्हणून बंडी, हे त्यांचं शास्त्र) खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसले. बंडीचं एक वेळ जाऊ दे. माणूस पाणी पीत नाही, ताई! सकाळी चहाआधी घोटभर, रात्री गोळीबरोबर घोटभर, संपलं. डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी जीभ बघितली, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मग मला जिन्यात नेऊन म्हणाले, हे आतून सुकत चाललेत, अशा उन्हात एखादी दुपारसुद्धा पुरे होईल. मी तिथंच, जिन्यात, ठरवलं. ह्या उन्हाळ्यात अण्णांना काही होऊ द्यायचं नाही. पाणी पाजीन तर नावाचा! (हसू नकोस. घरातला सगळा हट्ट अण्णांनी तुलाच दिला असं थोडंच आहे.)

पहिल्यांदा मी समजुतीनं घेतलं. इशारा मोठ्यानं वाचला, अवघड शब्द फोड करून सांगितले, उष्माघातात मेंदूचं काय होतं तेही सांगितलं. अण्णांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि "तू जप हं" म्हणाले. मग मी खिडकीवर ओल्या चादरी लावल्या. त्या ठिबकल्या थेट तळमजल्यावरच्या शिंपीकाकांच्या दारात, तिथं इस्त्री होऊन एक लग्नाचा कोट टांगलेला होता. त्यावर काय झालं ते लिहीत नाही, एवढंच सांगतो की नवरदेवाला तो कोट आला नाही आणि शिंपीकाकांचा आवाज मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. पंखा म्हणशील तर पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा पंखा कसा फिरतो हे तुला ठाऊक आहे. लोकांचे पंखे रांगेत पडलेत, त्यात आपला घुसवला तर गिऱ्हाईक ओरडतं.

शेवटी मी अण्णांशेजारी भरलेला पेला ठेवायला लागलो आणि तासाभरानं बघतो तर पेला रिकामा! पुन्हा भरावा, पुन्हा रिकामा. मी इतका खूश झालो की तुझ्या भावजयीला म्हटलं, बघ, चिकाटी म्हणतात ती ही. तिनं खिडकीतल्या कुंडीकडे बोट केलं. सगळ्या इमारतीतली झाडं करपून काड्या झालेली आणि आमच्या कुंडीला कोवळी पानं फुटलेली! मी चिडलो, नको ते बोललो. भांडण करायला दुसऱ्यानंही बोलावं लागतं, तेवढीही सोय अण्णांनी ठेवली नाही. रात्री तुझ्या भावजयीनं मला सांगितलं ते मला दिसायला हवं होतं. मागे ते ओल्या फरशीवरून घसरले ना, तेव्हापासून व्हरांड्याच्या टोकाच्या संडासापर्यंत जायला त्यांना हात लागतो. आणि दिवसभर घरात हात असतो तो सुनेचा नाहीतर माझा. पाणी प्यायलं की हाक मारावी लागते. हाक मारायला नको म्हणून पाणी नको. ताई, मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं एवढी धगधगती भट्टी सांभाळली तो सुनेला हाक मारायला लाजून वाळत बसला होता.

आता ऐक. समोरचा रस्ता खणला (तो खणलेलाच असतो, पण ह्या वेळी जास्त खणला) म्हणून सगळी वाहनं आमच्या खिडकीखालून सोडली आणि एक वाहतूक हवालदार उभा केला. त्यानं आल्या आल्या एक लांब शिट्टी मारली. खुर्चीत डुलक्या घेणारे अण्णा खाडकन ताठ झाले, पेला उचलला, एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि पुन्हा डुलायला लागले. मी दारात पंख्याचं पातं हातात घेऊन तसाच उभा. मी दुसऱ्या शिट्टीची वाट बघितली. पुन्हा तेच! मग विचारलं. तर अण्णा म्हणाले, बॉयलरवर तहान लागली म्हणून कोण पाणी पितो? तिथं आवाजात काही ऐकू येत नसे. मुकादम लांब शिट्टी मारायचा, हातातलं ठेवून सगळ्यांनी प्यायचं म्हणजे प्यायचं. जो पिणार नाही त्याला भट्टीपुढून घरी पाठवायचे. मी म्हटलं, आणि नंतर? जायचं असेल तर? अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अगदीच कच्चा निघालो. म्हणाले, जोडीदार असायचा की! भट्टीच्या बाजूला एकट्यानं हलायचंच नाही. एकानं जायचं, दुसऱ्यानं दाराशी थांबायचं, मग उलट. त्यात लाजायचं काय, नियमच होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल इशारा आला आणि उन्हात उभं राहू नये म्हणून हवालदाराची दुपारची नेमणूकच रद्द झाली. (सगळ्या गावात इशारा पाळला गेला असेल तर तो फक्त आमच्या खिडकीखालच्या माणसाच्या बाबतीत.) पण मी आता मागे हटणार होतो थोडाच! खेळाच्या दुकानातून शिट्टी आणली, दोरीनं गळ्यात अडकवली आणि घराचा मुकादम झालो. लांब शिट्टी झाली की अण्णा पाणी पितात. थोड्या वेळानं मी म्हणायचं, अण्णा, मला जायचंय, जोडीदार पाहिजे. मग ते उठतात, मी त्यांच्या हाताला धरतो (म्हणजे ते माझ्या हाताला धरतात असं समजायचं), ते आत जातात, मी दाराशी थांबतो, मग मी आत जातो आणि ते दाराशी थांबतात. मला जायचं नसलं तरी आत जाऊन उगीच उभं राहावं लागतं, कारण बाहेरून ते "झालं का रे" विचारतात. कातडी आता चिमटीत उभी राहत नाही. एके सकाळी बंडीही खुंटीवर दिसली. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही असं मी घरात बजावलं.

शेजाऱ्यांनी आधी कटकट केली. खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, तुमच्या शिट्टीचा सूर लागत नाही. पण ऊनच असं की हळूहळू सगळ्यांनाच शिट्टीची सवय झाली. शिट्टी झाली की खालच्या मजल्यावर गाणं थांबायचं, तळमजल्यावर शिलाईचं मशीन थांबायचं आणि भिंतीपलीकडून घटाघटा आवाज यायचा. शिंपीकाका तर कोट विसरून मला मुकादम म्हणायला लागले. मी अगदी फुशारून गेलो. सगळी इमारत माझ्या शिट्टीवर पाणी पीत होती, ताई! फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, माझ्याही नाही. ज्याच्या तोंडात शिट्टी आहे त्याच्या तोंडात पाणी कसं जाणार? शिट्टी मारायची, अण्णांचा पेला भरायचा, तो रिकामा होईपर्यंत कुंडीकडे डोळा ठेवायचा, की लगेच गिऱ्हाइकाची हाक. मी सगळ्यांना पाजत होतो आणि स्वतः कोरडा.

परवा भर दुपारी, लाल इशारा असताना, मी गच्चीवर गेलो. अण्णांच्या खोलीवरची गच्ची तापते म्हणून तिथं बादल्यांनी पाणी ओतत होतो. डोकं दुखायला लागलं, घाम यायचा बंद झाला. मला वाटलं, वा, सवय झाली! (ही त्या दुखण्याची खूण आहे हे मीच अण्णांना फोड करून सांगितलं होतं.) खाली उतरून आपल्या दारापर्यंत आलो आणि उंबऱ्यातच धाडकन पडलो. तुझी भावजय बाहेर गेलेली. घरात फक्त अण्णा. त्यांनी हाका मारल्या, पण त्यांचा आवाज तुला माहीत आहे, बॉयलरनं कधीच खाल्लाय. मग ते उठले. कोणाचा हात न धरता, भिंतीला धरून, खिडकीपासून उंबऱ्यापर्यंत आले, माझ्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि जीव खाऊन वाजवली.

आणि सगळ्या इमारतीनं शहाण्यासारखं पाणी प्यायलं.

अण्णांनी पुन्हा वाजवली. लोक पुन्हा प्यायले. गाण्याच्या बाई नंतर म्हणाल्या, मला वाटलं आज इशारा जास्तच लाल आहे. अण्णा वाजवताहेत, कोणी येत नाही, आणि घरोघरी माणसं पोट धरून पेल्यावर पेले रिचवताहेत! अण्णांनी कुंडीजवळचा पेला माझ्या डोक्यावर ओतला, खुंटीवरची बंडी भिजवून माझ्या काखेत कोंबली आणि वाजवतच राहिले. शेवटी शिंपीकाका गळ्यापर्यंत भरून, धापा टाकत वर आले, ते "अण्णा, आता पुरे, माझ्यानं आणखी जात नाही" असं सांगायला. तक्रार करायला आले म्हणून मी वाचलो. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर किडनी गेली असती, पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी घाबरलो, ताई. उंबऱ्यात पडलो तेव्हा नाही, नंतर, पांढऱ्या छताकडे बघताना घाबरलो. आता दवाखान्यात सलाईन लावून झोपवलंय, पण तू काळजी करू नकोस, दगदग करून येऊ तर अजिबात नकोस. मी ठणठणीत आहे आणि इथंही सगळं नियमानं पाळतो. घरी गेलो की शिट्टी पुन्हा सुरू.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. वर येऊ नकोस लिहिलंय ते दाजींनी वाचावं म्हणून. तू ये. लगेच ये. मी इथं अडकलोय, तुझी भावजय माझ्याकडे, आणि अण्णांना जोडीदार नाही. शिंपीकाका त्यांच्याबरोबर जातात, पण ते दाराशी थांबायच्या ऐवजी गप्पा मारत निघून जातात. आणि आल्यावर अण्णांना सांभाळायला आले असं चुकूनसुद्धा म्हणू नकोस. म्हण, अण्णा, माझा गुडघा धरलाय, एकटीला जाववत नाही, मला जोडीदार पाहिजे. (गुडघा खरंच दुखत असेल तर उत्तमच.)

ता. क. पत्र तुझ्या भावजयीनं वाचलं आणि खरं लिहा म्हणून अडून बसली आहे. लिहितो. इथं सगळं नियमानं पाळतो ते खोटं आहे. सकाळपासून मी पाणी प्यायलेलो नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि एकट्यानं उठायला बंदी आहे, घंटी वाजवून सिस्टरांचा हात धरून जायचं असतं. माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत त्या. मला नाही जमत. पेला मी उशाशी ठेवलेल्या फुलदाणीत ओततो. फुलं टवटवीत आहेत. तिनं हे अण्णांना कळवलं.

ता. क. अण्णा आले. शिंपीकाकांबरोबर, बंडीशिवाय, गळ्यात शिट्टी. वॉर्डात शिरल्या शिरल्या त्यांनी ती लांब वाजवली, समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी दचकून सगळं औषध एका दमात प्यायलं, आणि सिस्टरांनी शिट्टी जप्त केली. अण्णांनी फुलदाणी खिडकीत नेऊन ठेवली, पेला भरला आणि माझ्यापुढे धरून उभे राहिले. पेला काही खाली घेईनात. मी प्यायलो. सगळं प्यायलो. आता ते खाटेशी उभे राहून म्हणताहेत, मला जायचंय, जोडीदार पाहिजे. त्यांना जायचं नाहीये, ताई, मला पक्कं ठाऊक आहे. पत्र शिंपीकाकांकडे टाकायला देतो. आम्ही दोघं जाऊन येतो.