ओरेस्तेची बाई आणि वीतभर शाल

कारारा, १२ ऑक्टोबर १८८४

आदरणीय झेलिंदा वन्संना,

भावजय फोस्काचा नमस्कार. जेनोव्हाच्या दमट हवेत कंबर कशी आहे? मांजरीची पिल्लं वाटून झाली का? मी बरी आहे. काळे कपडे दोन जोड आहेत, आलटून पालटून घालते. जेवण जातं. (कमी जातं, पण जातं.)

तुमच्या भावाला जाऊन तीन महिने झाले. ह्यांनी तीस वर्षं मूर्तींच्या कारखान्यात फक्त कपडे कोरले, हे तुम्ही जाणताच. अंग एकाने कोरायचं, केस दुसऱ्याने, आणि चुण्या-झालरी आल्या की ओरेस्तेला हाक. (घरी सदऱ्याचं बटण कधी लावलं नाही.) गेल्या महिन्यात मुकादम बास्तियानोने जुन्या साच्यांमागचं गोणपाट ओढलं, तर खाली ह्यांच्या हातची एक संगमरवरी बाई. बसलेली, पुऱ्या मापाची, अंगावर चिंधीसुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीत कोरायचे म्हणे. मला वाटायचं, माझ्या हातचं सावकाश चवीने खातात.

मग गाव सांत्वनाला दुसऱ्यांदा आलं. चेहरा कारखान्यातल्या सगळ्या देव्यांचा असतो तोच, त्यामुळे ती कोण, हे बाकीच्यावरून ओळखायचं चाललंय. पाववाली आर्मिदा घरोघर सांगते, "मी काय बोलणार बाई? गेलेल्या माणसाची अब्रू असते." आणि मन खातं म्हणून रोज सकाळी माझ्या दारात ताजा पाव ठेवून जाते. मी तो पाव खाते.

ती बाई ह्यांच्याच कबरीवर बसवायची, हे मी ठरवलंय. फादर एत्तोरे पाहायला आले. बराच वेळ पाहिलं, मग डोळे मिटून म्हणाले, "काम सुंदर आहे. पण स्मशानाच्या फाटकातून आत यायचं तर कपडा हवा. बास्तियानो, कमरेला थोडा कोरून दे."

"फादर, दगड काढता येतो, चढवता येत नाही. कपडा कोरायचा तर आधी तेवढी बाई तासावी लागेल."

"मग वेगळा कोर आणि वर ठेव."

"इतका पातळ कोरणारा एकच होता. त्याच्याच कबरीचं चाललंय हे."

"ते मला सांगू नकोस. अंगावर संगमरवरी कपडा दिसला, की मी फाटक उघडतो. नाहीतर नाही."

मी शब्द नीट ऐकून घेतले. केवढा कपडा आणि कुठे, हे फादर बोलले नाहीत. बास्तियानो साक्षीला आहे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, बैलगाडी निघेल. ती माघारी येणार नाही.

पिल्लांना गोंजारणं.

तुमची,
फोस्का

ता. क. तुमच्या लग्नात ह्यांनी स्वतः कोरून दिलेली वीतभर संगमरवरी शाल, जिच्यावर तुम्ही मक्याच्या पोलेंताचं गरम पातेलं ठेवता, ती कापसात गुंडाळून लगेच पाठवा. एवढं पत्र त्यासाठीच लिहिलं.

पुन्हा ता. क. ती कमरेला पुरणार नाही, ठाऊक आहे. डाव्या गुडघ्यावर टाकायची आहे. तिथे कोयत्याच्या आकाराचा व्रण आहे. माझ्या लग्नाच्या वर्षी तुम्ही मला गाढवावरून ढकललं होतं, त्याचा. (तुम्ही म्हणता, मीच पडले.) ह्यांनी तो जसाच्या तसा कोरलाय. तीस वर्षांत एकदाही त्याबद्दल बोलले नव्हते. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी तेव्हा ती जखम पाहिली होती, म्हणून सध्या मी तिथे रोज फुलं ठेवते. बाकीचं गावाने खुशाल पाहावं. आर्मिदाला मात्र कळू देऊ नका. पाव खरंच चांगला असतो.