लव्हॉनच्या नावाचा भुंगेरा

३ जून, सकाळी
ठरलं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला लव्हॉनला अंगठीबिंगठी नाही. भुंगेऱ्याची नवी जात शोधायची आणि तिला बायकोचं नाव द्यायचं. सोनं झिजतं, शास्त्रीय नाव झिजत नाही. सव्वीस तारखेपर्यंत वेळ आहे. भरपूर.

७ जून
शेजारच्या हार्लनच्या शेतात, क्लोव्हरच्या चाऱ्यात, दुपारभर जाळं मारलं. सरडा-भुंगेरे मिळाले. लांबोडके, पाठ निळी-काळी, मान नारिंगी. सगळे पुस्तकातलेच, खोड पोखरणारे. हार्लन म्हणाला, "सगळेच ने रे बाबा, वर अंडी देतो." विज्ञानाची थट्टा! अंडी घेतली.

९ जून
गुडघा धरलाय. हरकत नाही, वर्गीकरण बसूनच करायचं असतं. मिशांच्या टोकाचे फुगीर मणी मोजले. पाच. मग सहा. मग चष्मा सापडला. पाच.

१२ जून
भुंगेरे स्पिरिटच्या बाटल्यांत टाकले. प्रत्येकीत चिठ्ठी: गाव, तारीख, माझं नाव ठळक. लव्हॉन म्हणाली, "पेन्सिलीनं लिही की." म्हटलं, बाई, हे शतकानुशतकं टिकायचंय. ठेवणीतलं शाईचं पेन काढलं.

१८ जून, पहाटे
सापडला!! एकाची मान चक्क निळी! पायसुद्धा! या वंशात असा कुणी पाहिलेलाच नाही. लव्हॉनला उठवून दाखवला. म्हणाली, "तुझी बोटंपण निळीच आहेत." आनंदानं होत असेल.

२१ जून, रविवार
चर्चच्या जेवणात पेल्यावर चमचा वाजवून जाहीर केलं. लव्हॉन लाजली. कित्येक वर्षांनी! हार्लन म्हणाला, "वहिनी, खोडकिड्याला तुमचं नाव? अभिनंदन!" जळतोय मेला.

२४ जून
विद्यापीठाच्या संग्रहालयात गेलो. तिथल्या मिस ह्यूबरनं भुंगेरा ओल्या कापसानं पुसला. कापूस निळा झाला. मान नारिंगी. "आजोबा, स्पिरिटमधली चिठ्ठी पेननं लिहिली होती का?" हल्ली शाईचा दर्जाच घसरलाय.
लव्हॉनला उद्या सांगेन.

२५ जून
उद्या सांगेन.

२६ जून
सांगितलं. तिनं हातातला बटाटा सोलून संपवला. मग म्हणाली, "चल, आपण दोघं दुसरा शोधू." आयुष्यात पहिल्यांदाच जाळं तिनं धरलं.
हार्लनचं क्लोव्हर काल कापून झालेलं. नुसते गठ्ठे. त्यातल्याच एकावर बसलो. लव्हॉननं पिशवीतून फीत बांधलेलं पुडकं काढलं. माझ्यासाठी भेट. पेन्सिली.
बारा तारखेलाच आणून ठेवल्या होत्या म्हणे.