गिरजाक्काचं हसणं

कोल्हापूर,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,
शरणु शरणार्थी.

यापुढं पत्रात काय लिहायचं असतं ते मी विसरलोय. शेवटचं पत्र दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, नळाला पाणी कमी येतं म्हणून नगराध्यक्षांना. पाचपैकी दोन मार्क पडले. पण तू दोन वर्षं माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी दुसऱ्या वाक्याला माझ्या तोंडून काहीतरी चावटपणा बाहेर पडणार हे तुलाही ठाऊक आहे. कागदावर समोर कोणी हसत नाही, म्हणून जरा धीर येतो.

मी ठीक आहे. गुडघा दुखतो. सिनेमात मला आजवर पडायचीच कामं मिळाली. हवालदार पडतो, वेटर ताटासकट पडतो, नवरदेवाचा मित्र घोड्यावरून पडतो. सध्या महिनाभर कोल्हापुरातच शूटिंग आहे, त्यात बँडवाला आहे. तोही ढोलासकट पडतो. टीव्हीवर मात्र सात वर्षं माझी गिरजाक्का उभी आहे. इरकल लुगडं, कपाळाला विभूती आणि तोंडाला पदर लावून ते हसणं. ती हसली की लोक आधी हसतात, विनोद मागाहून येतो.

दाजींची पाठ कशी आहे? आपल्या उसाला तोड आली का? माझ्या भाचीचं, शांभवीचं, बी.एड. कुठवर आलं?

हे सगळं विचारायला मी रविवारी येणारच होतो. शिरोळच्या एसटीत बसलोही होतो. तोंडाला मास्क होता, तरी शेजारच्या म्हाताऱ्यानं ओळखलंच.

"अवो पावणं, तुमी गिरजाक्का न्हवं?"

"न्हाय, तिचा भाऊ," मी म्हणालो.

"आसं कसं? लावा की पदर! एकदा हसून दावा की!"

रुमाल तोंडाला लावून हसलो. अख्खी गाडी हसली. 'तिचा भाऊ' हे मी थट्टेत बोललो होतो, पण ते खरंच होतं. हे तोंड घेऊन तुझ्या दारात कसं यायचं? हातकणंगल्याला उतरलो आणि माघारी आलो.

त्या पदराबद्दल आपण कधी बोललो नाही, अक्का. मी नऊ वर्षांचा होतो, तू सतरा. मळ्यातल्या चिंचेवर मी दगड मारला. खाली तू चिंचा झेलायला ओचा धरून उभी होतीस. तुझ्या पुढच्या दाताचा तुकडा पडला. रक्तानं भरलेल्या तोंडानं तू आप्पांना सांगितलंस, "घसरलो मी, विहिरीच्या पायरीवरनं." मी शेजारीच उभा होतो. मी गप्प राहिलो तो आजतागायत.

दुसऱ्या वर्षी मुरगूडची मंडळी तुला बघायला आली. त्यांच्यातल्या म्हातारीनं तुला तोंड उघडायला लावलं, बाजारात बैलाचं बघतात तसं. "पोरगी झ्याक हाय, पर तोंड मिटूनच बरी दिसती," म्हणाली आणि वर पोह्यांची दुसरी बशी मागितली. तू घरामागं परड्यात जाऊन बसलीस. मला काय करावं कळेना. घोंगडं पांघरलं आणि त्या म्हातारीची नक्कल केली, बशी मागण्यासकट. तू रडता रडता हसलीस आणि हसताना तोंडाला पदर लावलास. त्याआधी तुला तसं करताना मी कधी बघितलं नव्हतं.

माझं पहिलं काम ते. तेव्हापासून मी तुझ्या त्या हसण्यावरच जगतोय.

म्हणून तुझा राग मला कळतो. तुझं दुखणं मी सगळ्या महाराष्ट्राला हसायला दिलं. बाजारात लोक तुला गिरजाक्का म्हणून हाक मारतात, असं शांभवी मागं म्हणाली होती. ऐकून जीव अर्धा झाला. एवढंच सांगतो, तुझं नाव मी कुठं जाऊ दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर माझी मुलाखत झाली. ही गिरजाक्का तुम्हाला भेटली कुठं, असं त्या बाईंनी खोदून खोदून विचारलं. मी 'मनातून सुचली' म्हणून सांगितलं. तुझी अब्रू तेवढी राखली.

आता गिरजाक्कावर सिनेमा काढतायत. पोस्टरवर मी एकटा, आणि कुठंही पडायचं नाही! अशा कामाची मी वीस वर्षं वाट बघितली. महिनाअखेरीस होकार द्यायचाय, पण मी नको म्हणून कळवणार आहे. तुझा पदर तुला परत. माझं तोंड बघावंसं वाटलं तर दोन ओळी लिही. नाही लिहिल्यास तरी तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुझा,
दगड मारणारा
शशी


शिरोळ,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

शशी,
शरणु. मी सांगतो आन् शांभवी लिवती हाय. मधीच भाषा सुधाराय बघती, 'सांगतो'चं 'सांगते' कराय बघती. तिला म्हटलं, बोलतो तसं लिव.

पत्र दोनदा वाचून घेतलं. पैल्यांदा रडलो, दुसऱ्यांदा तुझी कीव आली. आरं शाण्या, गिरजाक्का म्हटल्यावर मला राग येईल व्हय? भाजीवाली कोथमीर ज्यादा टाकती. बचत गटात बायका मला पुढं बसवत्यात. दर आठवड्याला मी टीव्हीम्होरं बसतो, भावानं माझं हसणं नीट उचललंय का न्हाय बघाय. पदर तू उजव्या हातानं लावतोस. मी डाव्यानं लावतो. सात वर्सात तुला कळलं न्हाय.

राग कशाचा ते ऐक. तुझी मुलाखत हाय म्हणून मी सगळी गल्ली घरात गोळा केलती. च्या केला. म्हटलं, बघा आता, माझं नाव घेतोय. आन् तू म्हणालास, मनातनं सुचली! शेजारच्या झुंबरबाईचं त्वांड तुला म्हाईत हाय. म्हणाली, "दानम्मा, तुझा भाऊ तर तुला वळकंना." मी कपबश्या गोळा केल्या आन् आत गेलो. ही अब्रू राखली व्हय रं?

दाताचं म्हणशील तर आप्पांच्या हातात चामड्याची वादी हुती आन् तू एवढंसं प्वार. खोटं बोललो, त्याचं मला एक दिस वाईट वाटलं न्हाय. मुरगूडकरांनी नगं म्हटलं ते ब्येस झालं, न्हायतर तुझं दाजी कुठनं गावलं असतं? बाजूला बसून हसत्यात बघ. तू तोंडानं कबूल केलंस, बरं वाटलं. लई उशीर केलास पर.

पिच्चरला न्हाय म्हणायचं न्हाय. पदर माझा हाय, मी परत मागितलाय का? त्यो मी तुला दिला. पर सुरवातीला नावं येत्यात त्यात माझं आलं पायजे. आन् कुणीबी इचारलं तर सांगायचं, ह्ये हसणं माझ्या अक्काचं हाय.

येत्या रविवारी ये. बायकांस्नी परत बोलावलंय. झुंबरबाईला पुढं बसवणार हाय. तिच्याम्होरं सांग.

सांगताना नाव चुकाय नको, म्हणून खाली माझ्या हातानं लिवतो. शांभवीकडनं पेन घेतलंय.

दानम्मा चन्नाप्पा तेरदाळे